व्हीआरचं वेड आणि बारावीनंतरचा निर्णय

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंग नको, एक वर्षाचा व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या जगात वावरणं) डिप्लोमा करतो म्हणतो. हे गेमचं खूळ आहे की यात खरंच करिअर आहे? – एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

करिअर आहे. पण डिप्लोमाची फी भरण्याआधी मुलाला ऑक्युलस रिफ्ट या व्हीआर हेडसेटची पूर्ण गोष्ट वाचायला सांगा. अर्धी त्याला पाठ असेलच : पामर लकी नावाच्या पोराने कॅलिफोर्नियात घरच्या गॅरेजमध्ये हेडसेट जोडला, 2012 मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून निधी गोळा करण्याच्या वेबसाइटवर अडीच लाख डॉलर मागितले आणि जवळपास 24 लाख मिळाले. 2014 मध्ये फेसबुकने सुमारे दोन अब्ज डॉलरला त्याची ऑक्युलस कंपनी घेण्याचं जाहीर केलं.

उरलेली अर्धी जास्त कामाची आहे. 2013 चा पहिला डेव्हलपर किट (प्रोग्रॅम बनवणाऱ्यांसाठीचा हेडसेट) घातला की चित्रावर जाळी दिसायची आणि अनेकांना मळमळायचं. मान वळली तरी चित्र किंचित मागे राहायचं. डोळे आणि तोल सांभाळणारा आतला कान यांचा मेळ बसत नसे. शिवाय पुढे वाकलं तर ते त्या यंत्राला कळतच नसे. पुढच्या किटमध्ये त्यासाठी कॅमेरा आला, चित्र पुसट होऊ नये म्हणून स्क्रीन प्रत्येक फ्रेमला क्षणभरच उजळू लागला. भिंगामुळे चित्र वाकतं, म्हणून सॉफ्टवेअर ते आधीच उलट्या बाजूने वाकवतं. यातलं बरंचसं फिजिक्स आणि गणितच आहे, ताई. मुलाला तेच विषय आता सोडायचे आहेत.

2016 मध्ये रिफ्ट 599 डॉलरला बाजारात आला, वर दणकट कॉम्प्युटर हवा. घरोघरी तो पोचला नाही. आज ते मॉडेल विक्रीत नाही, ऑक्युलस हे नावही कंपनीने बाजूला ठेवलं. म्हणून एका यंत्रापुरता डिप्लोमा मला धोक्याचा वाटतो.

एमएचटी-सीईटी देऊन कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं. चित्र, मांडणी, माणसं कशी वापरतात यात जीव रमत असेल तर यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डिझाइनचा प्रयत्न करावा. परीक्षा संपली की सुट्टीत ब्लेंडर (थ्रीडी वस्तू घडवण्याचं सॉफ्टवेअर) आणि युनिटी (गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर) शिकून व्हीआरमधली एक छोटी खोली उभी करू दे. दोन्ही शिकायला पैसे लागत नाहीत. ती बघायला जायरोस्कोप (फोन कसा वळला ते ओळखणारा सेन्सर) असलेला फोन आणि तो बसवायचा पुठ्ठ्याचा व्ह्यूअर पुरतो. ती चार जणांना दाखवावी, कुणाला गरगरलं ते लिहून ठेवावं. त्या कामात त्याला कोड आवडला, चित्र आवडलं की माणसांचं निरीक्षण, ते मला कळवा. शाखेचं त्यावरून ठरवू.