हेडफोनचा एक कान उघडा ठेवून

प्रश्न असा आहे: "माझं वय ३३. लग्नाला तीन वर्षं झाली, आठ महिन्यांचं बाळ आहे. कॉलेजात असताना रात्र रात्र गेम खेळायचो. आता हौसेनं पीएस५ हा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेतला, तर तो टीव्हीखाली धूळ खातोय. चालू केला तरी अर्ध्या तासात कंटाळा येतो. हे सगळ्यांचंच होतं का, की माझ्यातच काही बिघडलंय?"

तुमच्यात काही बिघडलंय असं मला वाटत नाही. पण "वय वाढलं, आवड गेली, चालायचंच" असं जे उत्तर बहुतेक जण देतात, तेही मला पटत नाही. मी स्वतः चार-पाच वर्षं तसंच समजून चाललो होतो आणि ते चुकीचं होतं. का, ते सांगतो.

मी ३८ वर्षांचा. सांगलीत राहतो, एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. घरात आई, अण्णा, बायको आणि दुसरीतली मुलगी. २०१९ मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. रात्री दोन-तीनदा त्यांना उठवून न्यावं लागतं. हाक येते ती अगदी बारीक आवाजात, कारण आई जागी होऊ नये म्हणून ते स्वतःच आवाज दाबतात. ही हाक लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

माझा पहिला गेम १९९६ च्या मे महिन्यातला. आमच्या गल्लीच्या टोकाला कॅसेट लायब्ररी होती. व्हीसीआर भाड्याने मिळायचा तसाच तिथे व्हिडिओ गेमही मिळायचा. एक डबा, दोन जॉयस्टिक, तीन-चार कॅसेट, चोवीस तासांचं भाडं. आम्ही चार पोरं पैसे गोळा करायचो. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून तिथे डब्याची वायर लावायची, मग मुंग्यांमधून चित्र दिसेपर्यंत चॅनेल फिरवत बसायचं. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्या खालच्या पट्टीवर फुंकर मारायची. कॉन्ट्रा नावाचा गोळीबाराचा गेम सुरू होताना वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए असं दाबलं की तीसचे तीस जीव मिळायचे. हे माझ्या अंगठ्यांना अजून पाठ आहे. त्या गेमच्या आठ स्टेज आम्ही पहाटे चारच्या सुमाराला संपवल्या तेव्हा कुणालाच ओरडता येत नव्हतं, म्हणून एकमेकांचे खांदे धरून आम्ही नुसते हलत होतो.

त्या चोवीस तासांत मला एकदाही कुणी हाक मारली नाही. आई ताट शेजारी आणून ठेवायची, पुन्हा उचलून न्यायची. आजीला रात्री गोळी द्यायची होती, गॅसचा नंबर लावायचा होता, लाइटबिलाची तारीख होती, गच्चीत पापड वाळत घातले होते. हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात होतंच, फक्त माझ्या डोक्यात नव्हतं. माझा खेळ दुसऱ्या कुणाच्या तरी जागेपणावर उभा होता, हे मला तीस वर्षांनी कळलं.

पुढची वर्षं बहुतेकांची असतात तशीच गेली. विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक १.६ हा बंदुकांचा गेम, त्यातले सुरुवातीचे आठशे डॉलर, डस्ट टू नावाचा मॅप, आणि पैसे साठवून अडीच हजाराची एके-४७ घेतली की अंगात येणारं वारं. मग इंजिनिअरिंगचं हॉस्टेल आणि तिथे एकमेकांना वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर एज ऑफ एम्पायर्स टू, म्हणजे राज्य उभं करायचा गेम. पाचशे अन्न साठलं की सरंजामी युग, मग आठशे अन्न आणि दोनशे सोनं साठलं की किल्ल्यांचं युग. हिशेब ठेवायची गोडी मला तिथेच लागली असं मी खरंच मानतो.

नोकरी, लग्न, मुलगी, अण्णांचं आजारपण. २०२० च्या डिसेंबरमध्ये सेल लागला तेव्हा मी विचर थ्री हा तलवार आणि जादूचा मोठा गेम घेतला. तो आला होता २०१५ मध्ये. मुख्य कथा संपवायचीच म्हटली तरी पन्नासेक तास लागतात, आणि इकडेतिकडे भटकत खेळलात तर त्याच्या दुप्पट. रात्री अकराला सगळे झोपले की बसायचो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मिळायची, तीही रोज नाही. मुलीला ताप, मग बँकेचं ऑडिट, मग अण्णांची फिजिओथेरपी, असं करत एकदा तीन आठवड्यांचा खंड पडला. परत सुरू केला तर गेमचा नायक गेराल्ट एका ओढ्याकाठी उभा. समोर पाण्यातली भुतं चालून येतायत आणि क्वेनची ढाल उभी करायची तिथे मी इग्नीची आग फेकतोय, कारण कुठलं बटण कशाचं ते बोटं विसरली होती. मेलो. यादीत लिहिलेलं, अमक्या बाईला जाऊन भेट. ही बाई कोण, तिला मी काय शब्द दिलाय, काही आठवेना. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. असं चार वेळा झालं. व्हाइट ऑर्चर्ड हे त्या गेममधलं सुरुवातीचं गाव मला आमच्या वॉर्डाइतकं माहीत आहे.

मी निष्कर्ष काढला की आता आपल्याला यात रस राहिला नाही. लॅपटॉप मिटायचा आणि अंथरुणात पडून मोबाइलवर रील बघायची. त्यात ना बटणं आठवायला लागतात, ना कुणाला दिलेला शब्द.

तुमचा "अर्ध्या तासात कंटाळा" हाच असेल असं मला वाटतं, म्हणून यावर थोडं थांबतो. दिवसभर मी कर्जाच्या फायली बघतो. जामीनदार चालेल का, हप्ता झेपेल का, थकबाकीदाराला नोटीस पाठवायची की आणखी एक महिना थांबायचं. घरी आलं की भाजी कुठली इथपासून अण्णांना कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं इथपर्यंत. चांगला गेमसुद्धा दर मिनिटाला तुमच्याकडून निर्णयच मागतो. विशीत निर्णय घ्यायची भूक असते, कारण घरात आपल्याला कुणी विचारत नसतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन गरजा सांगितल्यात: आपलं आपण ठरवता यावं, एखादी गोष्ट जमतेय हे जाणवावं, आणि कुणाशी तरी नातं असावं. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच व्हिडिओ गेमना लावून पाहिलं. गेम ओढून घेतात ते या तिन्ही गरजा भागवतात म्हणून, असं त्यांचं म्हणणं. मला ते स्वतःवरून पटतं. सोळाव्या वर्षी "तुला जमतं" असं मला फक्त त्या सायबर कॅफेत कळायचं. आज एखाद्या द्राक्ष बागायतदाराची अडकलेली फाईल मी मार्गी लावतो तेव्हा कळतं. ती भूक दिवसाच भागलेली असते, मग रात्री पान वाढलं तरी जेवण जात नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

वयाचाही थोडा भाग आहे, तो नाकारत नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट टू हा झटपट डावपेचांचा गेम खेळणाऱ्या, १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांचा अभ्यास केला. समोर बदल झाल्यावर हालचाल करायला लागणारा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढायला लागतो, असं त्यात दिसलं. पण मोठ्या वयाचे खेळाडू बाकीच्या युक्त्या वापरून ती कसर भरून काढतात, असंही दिसलं. तेव्हा ऑनलाइन पोरं आपल्याला मारतात म्हणून गेम सोडायचं कारण नाही. फार तर तो एक गेम सोडावा.

आणि काही गेम तर सोडावेतच, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज उघडलं नाही तर बक्षीस बुडतं, सीझन संपायच्या आत इतके टप्पे पूर्ण करा, असं ज्यांचं चालतं ते गेम कामावरून आलेल्या माणसासाठी नाहीत. लॉकडाऊनमध्ये मावसभावांबरोबर मी पबजी खेळायचो. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं. टार्गेट बँकेत पुरेशी आहेत.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, बायको म्हणाली, "आज अण्णांकडं मी बघते. तुम्ही दोन्ही कान लावून बसा."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग तिने माझ्या डोक्यावरचा हेडफोन दाखवला. उजवा कान कानावर, डावा मागे सरकवलेला. २०१९ पासून मी असाच बसतो, आणि हे मलाच माहीत नव्हतं. डाव्या बाजूला अण्णांची खोली आहे.

त्या रात्री दार लोटून मी दोन्ही कान लावले. विचरमधल्या स्केलिगेच्या बेटांवर होतो. तिथल्या वाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंनी येतो, डोंगर चढताना तो एका कानातून दुसऱ्या कानात सरकतो, आणि दूर कुठेतरी एक बाई गातेय असं वाटतं. इतक्या वर्षांत तो आवाज मी अर्धाच ऐकला होता. घड्याळात पाहिलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाठ आखडली होती, डोळे चुरचुरत होते आणि मी अगदी १९९६ सारखा बसलेलो होतो, गुडघे पोटाशी घेऊन. रस कुठेही गेलेला नव्हता. माझी अर्धी शुद्ध कायम शेजारच्या खोलीत असायची, आणि उरलेल्या अर्ध्यात एवढा मोठा गेम मावत नव्हता.

तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. तुमचाही एक कान उघडाच असणार, आणि असायलाच हवा. त्यामुळे "वेळ काढा" असं मी सांगणार नाही, वेळ तुम्ही आत्ताही काढताय. महिन्यातून एक-दोन वेळा का होईना, असे तीन तास मागून घ्या ज्यांत बाळ रडलं तर तुम्ही उठायचं नाही, हे दोघांत आधी ठरलेलं असेल. बाकीच्या दिवशी मोठे गेम उघडूच नका, छोटं काहीतरी खेळा किंवा सरळ झोपा. आमच्या हॉस्टेलचे दोघे, एक दुबईत, एक चिंचवडला, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एज ऑफ एम्पायर्सची २०१९ मध्ये आलेली नवी आवृत्ती लावून बसतात, मीही असतो. बोलणं निम्मं बीपीच्या गोळ्यांवर चालतं. तोही कट्टाच आहे.

एक गोष्ट मात्र नीट तपासा. रस फक्त गेममधलाच गेलाय, की जेवण, गाणी, मित्र, बाळाशी खेळणं यातलाही? सगळ्यातलाच गेला असेल, झोप बिघडली असेल आणि असे दोन-तीन आठवडे जात असतील, तर तो जबाबदाऱ्यांचा भाग समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. बाळ झाल्यावर असं नैराश्य वडिलांनाही येतं.

आणि हे तीन तास मागायच्या आधी बायकोला विचारा, तिचे तीन तास कुठे गेले. मी हे विचारायला उशीर केला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मला लख्ख दिसलं की तिचाही एक कान इतकी वर्षं उघडाच आहे. मुलगी झाली तेव्हापासून, आणि मागे सरकवायला तिच्याकडे हेडफोनही नव्हता. तिने लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या, मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्यात. तिची पेटी आमच्या माळ्यावर होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. भाता फाटलेला, दोन सूर दाबलेले. मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणली.

आता रविवारी दुपारी तीन ते पाच तिची खोली बंद असते. अण्णांकडे मी बघतो. मुलगी "आई" म्हणत दाराकडे निघाली की तिला अलीकडेच उचलतो. पहिल्या रविवारी आतून फक्त एकच सूर येत होता, बराच वेळ, तोच तो. मग अण्णांनी खुणेने त्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवायला सांगितलं.