घरी इंटरनेट कंपनीचा ईमेल नीट चालतो. दुसऱ्याच्या वायफायवर मेल येतात, पण जात नाहीत. परदेशात कसं करावं?

येतील आणि जातीलही, फक्त एक सेटिंग निघण्याआधी बदलावं लागेल.

तुम्ही लिहिलंय की पत्ता ब्रॉडबँड कंपनीने दिलेला आहे, लॅपटॉपवर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर आहे, आणि दिवाळीत भावाकडे नाशिकला गेलात तेव्हा मेल दिसत होते, पण उत्तर पाठवायला गेलं की एररची खिडकी यायची. आता तीन महिने मुलीकडे म्युनिकला चाललात. नाशिकला जे झालं तेच म्युनिकला होणार. अंतराचा किंवा देशाचा इथे संबंध नाही, कनेक्शन कोणाचं एवढाच प्रश्न आहे.

मेल घेणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घ्यायचं काम पॉप किंवा आयमॅप करतं, तिथे पासवर्ड लागतोच, आणि तो बरोबर असला की तुम्ही कुठून आलात हे सहसा कोणी बघत नाही. पाठवायचं काम एसएमटीपीचं. तो नियम १९८२ सालचा, आणि त्यात मुळात पासवर्डच नव्हता. लाल टपालपेटीत पत्र टाकताना कोणी नाव विचारत नाही, तसा सगळा कारभार. नव्वदच्या दशकात फुकट्या जाहिरातवाल्यांनी याचा फायदा उठवला आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून मेलचे गठ्ठे सोडायला सुरुवात केली. मग इंटरनेट कंपन्यांनी दारं लावली आणि सोपा हिशेब ठेवला: आपल्या कनेक्शनवरून आला तो ग्राहक, बाकीचे परके. बऱ्याच जुन्या खात्यांची सेटिंगं अजून त्याच हिशेबावर चालू आहेत. घरून तुमचे मेल जातात ते तुमचा आयपी, म्हणजे कनेक्शनचा इंटरनेटवरचा क्रमांक, ओळखीचा असतो म्हणून. भावाच्या घरी तुम्ही त्या सर्व्हरसाठी परके झालात.

एररमध्ये 'रिलेइंग डिनाइड' किंवा 'रिले ॲक्सेस डिनाइड' असं काही होतं का, आठवून बघा. असेल तर हेच कारण. तसं काही न येता बराच वेळ नुसतं चक्र फिरून 'टाइम आउट' झालं असेल, तर कारण थोडं निराळं: एसएमटीपीचा मूळ पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, २५, आणि अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांचा त्या पोर्टवरून बाहेर जाणारा रस्ता बंदच ठेवतात. मग तुमची विनंती तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. दोन्हींवर उपाय एकच.

थंडरबर्डच्या 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली 'आउटगोइंग सर्व्हर' आहे. तिथे पोर्ट २५ असेल तर ५८७ करा, सुरक्षेच्या रकान्यात 'स्टार्टटीएलएस' निवडा, ऑथेंटिकेशनला 'नॉर्मल पासवर्ड' आणि युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता. काही कंपन्या ५८७ ऐवजी ४६५ देतात, तेव्हा 'एसएसएल/टीएलएस' निवडायचं. ५८७ हा पोर्ट १९९८ मध्ये मुद्दाम याच कामासाठी वेगळा काढला, म्हणजे ग्राहकाने पासवर्ड देऊन कुठूनही मेल सोडावा. त्यामुळे तो सहसा कोणी अडवत नाही.

आता चाचणी. त्यासाठी म्युनिक गाठायची गरज नाही. लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढा, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा (सिम दुसऱ्या कंपनीचं हवं) आणि स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर मेल पाठवा. तो पोचला तर काम झालं. हे आदल्या रात्री करू नका, कारण ५८७ चालला नाही तर कस्टमर केअरला फोन लावावा लागेल, आणि तिथे 'आउटगोइंग पोर्ट' म्हणजे काय हे समजणारा माणूस पहिल्याच फोनला भेटेल याची खात्री मी देणार नाही.

जुन्या उत्तरांमध्ये एक सल्ला हमखास सापडेल: जिथे राहाल तिथल्या इंटरनेट कंपनीचा एसएमटीपी सर्व्हर टाका. एकेकाळी ते चालायचं. आता करू नका. तुमच्या पत्त्याचा मेल कोणत्या सर्व्हरांवरून निघू शकतो याची यादी डोमेनवाले (पत्त्यात @ नंतर ज्यांचं नाव येतं ते) जाहीर करतात, तिला एसपीएफ म्हणतात. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून, मेल पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) हवंच असं केलंय. अनोळखी जर्मन सर्व्हरवरून निघालेला तुमचा मेल थेट स्पॅममध्ये जाईल, आणि तुम्हाला कळणारही नाही.

दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. तुमचं खातं पॉपवर असेल तर घरचा डेस्कटॉप चालू ठेवून जाऊ नका. पॉपमध्ये मेल उतरवून घेतला की सर्व्हरवरून तो पुसला जाऊ शकतो. घरचा संगणक दर दहा मिनिटांनी मेल ओढत राहील आणि म्युनिकला तुमची पेटी रिकामी दिसेल. लोक याला हॅकिंग समजून घाबरतात. 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर दोन्ही मशीनवर खूण करा. कंपनी आयमॅप देत असेल तर थेट तेच घ्या, मग फोन, लॅपटॉप, डेस्कटॉप सगळीकडे एकच पेटी दिसते.

याशिवाय जीमेल वापरत असाल तर तिथे पोर्टबिर्टची भानगड नाही, अडचण ओटीपीची. नव्या देशातून लॉगिन झालं की गूगल खात्री मागतो, ती येते भारतातल्या सिमवर, आणि सिम रोमिंगशिवाय मुकं. जाण्यापूर्वी गूगल खात्यातून बॅकअप कोड छापून घ्या. आठ आकड्यांचे दहा कोड असतात, प्रत्येक एकदाच चालतो. किंवा फोनवर ऑथेंटिकेटर ॲप ठेवा, ते लॉगिनचे कोड फोनवरच बनवतं, त्याला नेटवर्क लागत नाही. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय डेटा पॅक घेतलात तर गंमत अशी की तुमचं इंटरनेट सहसा भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातूनच बाहेर पडतं. चीनमध्ये जीमेल बंद असूनही तिकडे माल बघायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना भारतीय सिमवर ते उघडतं, ते म्हणूनच.

विमानतळावर किंवा हॉटेलात आधी ब्राउझर उघडून वायफायचं पान भरा, तोवर थंडरबर्ड हलणार नाही. आणि सर्टिफिकेट चुकीचं असल्याची सूचना आली तर 'एक्सेप्शन' देऊन पुढे जाऊ नका, त्या वायफायचा नाद सोडा.

तीन महिने घर बंद राहणार म्हणून कनेक्शन सेफ कस्टडीत टाकणार, म्हणजे तात्पुरतं बंद ठेवणार असाल, तर त्या काळात मेलबॉक्स चालू राहतो का हे कंपनीकडून आधी लेखी घ्या. नाही म्हणाले तर बँक, विमा आणि आयकराच्या पोर्टलवरचा पत्ता निघण्यापूर्वी बदला. त्या बदलालाही ओटीपी लागतो, आणि तो इथे असताना सहज येतो.