मेंटॉर मागू नका, प्रश्न घेऊन जा

या वेळी नोकरी आणि मार्गदर्शन या विषयावरची पत्रं जास्त आलीत, त्यातली तीन घेतेय. पहिल्याला उत्तर जरा लांबलंय, पण तोच प्रश्न अजून खूप जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळचा बार्शीचा. मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागलो, नोकरी करत करत डिग्रीही केली. पाच वर्षं झाली, काम येतं पण पुढे कुठे जायचं तेच कळत नाही, सप्लायर क्वालिटीत (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघण्याच्या कामात) जावं की डिझाइनकडे वळावं की एमबीए करावं. वडील शेती करतात, घरात कंपनीत काम केलेलं कोणी नाही. साहेब चांगले आहेत पण रोजच्या रिजेक्शनमधून त्यांनाच डोकं वर काढायला फुरसत नाही. सगळे म्हणतात मेंटॉर शोध. लिंक्डइनवर बऱ्याच मोठ्या लोकांना मेसेज टाकला की सर तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का, एकाचंही उत्तर नाही. ओळखपाळख नसलेल्याने करायचं काय?
— एक वाचक, निगडी

उत्तर : अरे, उत्तर आलं नाही याचा तुझ्या लायकीशी काही संबंध नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. त्या माणसाच्या जागी बसून बघ. अनोळखी मुलगा विचारतोय मेंटॉर व्हाल का, म्हणजे नक्की करायचं काय, वेळ किती द्यायचा, किती वर्षं, काहीच कळत नाही. हो म्हणावं तर जबाबदारी गळ्यात, नाही म्हणावं तर वाईट दिसतं, मग मेसेज तसाच पडून राहतो. पहिल्याच भेटीत सोयरीक मागितल्यासारखं होतं ते.

मागायची असते छोटी गोष्ट. तुझ्याच कामात अडलेली एक जागा आणि वीस मिनिटं, बस.

तू क्वालिटीतला आहेस म्हणून तुझ्या टेबलावरचंच उदाहरण घेते. एफएमईए, म्हणजे पार्ट कुठे आणि कसा बिघडू शकतो याचा आधीच केलेला तक्ता, तुमच्याकडे होतच असणार. जुन्या पद्धतीत सिव्हिअरिटी (परिणाम किती गंभीर), ऑकरन्स (बिघाड किती वेळा होतो) आणि डिटेक्शन (तो पकडणं किती अवघड) यांच्या आकड्यांचा गुणाकार करून आरपीएन, म्हणजे धोक्याचा आकडा काढतात. समज एका फेल्युअरला ९, २, ५ पडले आणि दुसऱ्याला ३, ६, ५. दोन्हीकडे उत्तर ९०च. पण पहिल्यात गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे, दुसऱ्यात फार तर खडखड आवाज येईल. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एआयएजी आणि जर्मनीतल्या व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनी मिळून हँडबुक काढलं, त्यात आरपीएन जाऊन अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली ती यासाठीच, आधी सिव्हिअरिटी बघायची. इतपत तू वाचून शिकशील. पण जुनी शीट बदलायला बसलं की डिझाइनवाले एक रेटिंग सांगतात, प्रॉडक्शनवाले दुसरं, कोणाचं धरायचं, कुठे अडून बसायचं, कस्टमरसमोर ते कसं मांडायचं, हे ज्याने स्वतः केलंय त्यालाच विचारावं लागतं.

म्हणजे मेसेज असा जाईल : ‘सर, मी चाकणला क्वालिटीत आहे. आमची एफएमईए आरपीएनवरून अ‍ॅक्शन प्रायॉरिटीवर नेतोय, दोन ठिकाणी सिव्हिअरिटीवर डिझाइनशी एकमत होत नाहीये. मी काय विचार केलाय तो अर्ध्या पानात लिहिलाय. तुमच्या सोयीने फोनवर वीस मिनिटं मिळतील का?’ याला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण मुलगा आधी स्वतः भिडलाय हे दिसतं. फक्त ड्रॉइंग, कस्टमरचं नाव, पार्ट नंबर यातलं काहीही बाहेर पाठवायचं नाही, हे अगदी कटाक्षाने पाळ, नोकरीवर बेतू शकतं.

आता कोणाला विचारायचं? व्हाइस प्रेसिडेंट वगैरे लोकांना सध्या राहू दे. तुझ्या पाच-सात वर्षं पुढे असलेला माणूस बघ, त्याला तुझी अडचण अजून आठवत असते. आणि असा एक माणूस तुमच्या गेटमधून आत येतोच की! कस्टमरचा जो सप्लायर क्वालिटी इंजिनिअर ऑडिटला येतो तो. तुला ज्या कामात जावं का असा प्रश्न पडलाय तेच काम तो रोज करतो. पण एखादी एनसी (ऑडिटमध्ये काढलेली त्रुटी) उघडी असताना विचारू नकोस, त्यालाही अवघड होतं आणि तुझ्या साहेबांनाही आवडणार नाही. ऑडिट क्लोज होऊ दे, साहेबांच्या कानावर घाल आणि मग सरळ विचार की सर तुम्ही या कामात कसे आलात, दिवस कसा जातो.

दुसरं म्हणजे तू निगडीत राहतोस, तुझ्या आजूबाजूला टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाजमधून रिटायर झालेली माणसं आहेत. सकाळी दुर्गा टेकडीवर फिरायला गेलास तर त्यातले दोन-चार जण भेटतीलच. त्यांच्या वेळचं सॉफ्टवेअर जुनं झालं असेल, पण पार्ट हातात घेऊन तो का तुटला ते सांगण्याची नजर जुनी होत नाही. काका म्हणून बोलायला सुरुवात कर, कामाचा विषय आपोआप निघतो.

आणि जिथे तुझ्या कामाची माणसं जमतात तिथे जात जा. सेनापती बापट रोडवर मराठा चेंबर आहे, १९३४ पासूनची संस्था, तिथे लहान-मोठ्या उद्योगांसाठी सेमिनार होत असतात. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेचे ट्रेनिंग प्रोग्रॅम असतात. क्वालिटी सर्कल फोरमच्या पुणे चॅप्टरच्या स्पर्धांना कंपन्या आपल्या टीम पाठवतात, तुमची टीम जात असेल तर त्यात नाव दे. प्रेझेंटेशन झालं की दुसऱ्या कंपनीतला कोणीतरी येऊन विचारतोच की हे तुम्ही कसं केलं, अशी ओळख शंभर मेसेजपेक्षा जास्त टिकते.

बहुतेक मुलं कुठे कमी पडतात माहितीये? सल्ला घेतात आणि गायब होतात. तू तसं करू नकोस. दोन आठवड्यांनी कळव की सर तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं, एक जागा सुटली, दुसरीकडे डिझाइनवाले ऐकत नाहीयेत. नाही जमलं तरी कळव. सांगितलेलं कोणीतरी खरंच करून बघतोय हे कळलं की माणूस पुढच्या वेळी स्वतःहून वेळ काढतो. मेंटॉर हा शब्द तोंडातून न काढता वर्षभरात ते नातं तयार झालेलं असतं.

एमबीएचं एकाच माणसाला विचारून ठरवू नकोस. नोकरी करून केलेला एक, नोकरी सोडून केलेला एक आणि न करता मॅनेजर झालेला एक, अशा तिघांशी बोल, आणि फी किती गेली, पगारात फरक किती पडला ते स्पष्ट विचार, लोक सांगतात.

प्रश्न : मुलांसाठी घेतलेल्या मोठ्या ब्रेकनंतर मी परत आयटीत टेस्टिंगमध्ये आलेय. कंपनीच्या प्रोग्रॅममधून एक सीनियर मेंटॉर मिळालेत, स्वभावाने छान आहेत, पण दर महिन्याच्या कॉलमध्ये त्यांच्या ऑनसाइटच्या (परदेशी क्लायंटकडे काम केल्याच्या) गोष्टीच चालतात. माझं ऑटोमेशन, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारे प्रोग्रॅम लिहायला शिकायचं राहूनच जातंय. कसं सांगू?
— बाणेरहून एक वाचक

उत्तर : तुम्ही त्यांना थांबवायला जाऊ नका, कॉलच्या आदल्या दिवशी दोन ओळी पाठवा : ‘सर, उद्या मला एवढंच विचारायचंय, सेलेनियमची ही टेस्ट कधी पास होते कधी फेल, कोड सोबत जोडलाय.’ (सेलेनियम म्हणजे ऑटोमेशनचंच एक टूल.) समोर काही नसलं की माणूस आपल्या आठवणीच सांगणार, त्यात त्यांचा काही दोष नाही. दोन-तीन महिने असं करून बघा. तरी गाडी ऑनसाइटलाच जात असेल तर एचआरला सांगून जोडी बदलून घ्या. तक्रारीच्या सुरात नको, मला ऑटोमेशनवर रोज हात असलेलं कोणीतरी हवंय एवढंच म्हणा.

आणि एक मला मनापासून सांगायचंय, कारण ब्रेकनंतर आलेल्या बायकांच्या बाबतीत हे फार होतं. सल्ला देणारे भरपूर मिळतात, पण अप्रेझलच्या मीटिंगमध्ये हे काम हिला द्या असं म्हणणारं कोणी नसतं. असं म्हणू शकणारी व्यक्ती बहुतेक वेळा तुमचा मॅनेजर किंवा मॅनेजरचा मॅनेजर असते, तुमचे मेंटॉर तिथे नसतातही. म्हणून तुम्ही काय नवीन शिकलात, कुठला बग वेळेत पकडला, ते मॅनेजरला महिन्यातून एकदा लिहून पाठवत जा. त्याला बढाई कोणी म्हणत नाही.

प्रश्न : मी घरी मसाले आणि चटण्या करून विकते. एका बिझनेस मेंटॉरने सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलंय, ४५ हजार रुपये, त्यात उद्यम रजिस्ट्रेशनपण (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) करून देणार म्हणे. आज भरले तर डिस्काउंट आहे. घेऊ का?
— धनकवडीहून एक वाचक

उत्तर : आज तर अजिबात भरू नका. उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन नंबर घेऊन बसलात तर घरच्या घरी होईल, त्याचे पैसे लावणारा माणूस बाकी कशाकशाचे लावत असेल कोण जाणे. पुण्यात छोट्या व्यावसायिकांसाठी दे आसरा फाउंडेशन काम करतं, शिवाजीनगरला जिल्हा उद्योग केंद्र आहे, आधी या दोन्ही ठिकाणी जाऊन या, जाताना खर्चाची आणि विक्रीची वही सोबत न्या म्हणजे बोलणं मुद्द्यावर होईल. एवढं करूनही त्या पॅकेजचा मोह होत असेल तर गेल्या वर्षी ते घेतलेल्या दोन बायकांचे नंबर मागा आणि त्यांची विक्री किती वाढली ते त्यांनाच फोन करून विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच बंद करा.