थीम पार्टीसाठी १९५० च्या धाटणीचा ड्रेस शिवतेय. कंबर २८ इंच, तर पूर्ण घेराच्या स्कर्टचं आतलं वर्तुळ किती त्रिज्येचं?

शिलाईची रेघ साडेचार इंच त्रिज्येवर आखा, पण कापड ४ इंचांवरच कापा. हिशोब असा: कंबर भागिले ६.२८ (म्हणजे २ × पाय). साडेचारवर कापलंत तर अर्धा इंच शिलाईत जाऊन त्रिज्या ५ होते आणि कंबर ३१ इंचांवर जाते. ड्रेस बिघडतो तो बहुधा इथेच. स्कर्ट दोन अर्धवर्तुळं जोडून होतो; त्यांच्या सरळ कडांना अर्धा इंच माया (शिलाईसाठीचं जादा कापड) वेगळी सोडा. ४४ इंच पन्ह्याचं कापड, २५ इंच उंचीसाठी सव्वातीन मीटर लागेल. कापल्याबरोबर कंबरेच्या रेघेलगत, मायेच्या बाजूला साधी टीप मारा, नाहीतर ती ताणते. तळ लगेच दुमडू नका: उरेब (तिरक्या धाग्यांचा) भाग लोंबतो, म्हणून स्कर्ट २४ तास टांगून मगच कडा सारखी करा. मात्र २८ हे माप अंगाचं नको, शिवून तयार झालेल्या चोळीच्या (ड्रेसच्या वरच्या भागाच्या) कंबरेचं घ्या.