तासाचा दर एकोणतीस डॉलर, पण वर्षाची मिळकत किती?

न्यूजर्सीतल्या एडिसनजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र लिहून सल्ला मागितला आहे. त्यांचे वय ४६ असून शिक्षण कोल्हापुरातून बी.कॉम. झाले आहे, आणि भावाच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्या पती व मुलासह अमेरिकेत आल्या. सुरुवातीची दोन वर्षे दुकानात काम केल्यावर गेली चार वर्षे त्या एका नर्सिंग होममध्ये सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए म्हणून काम करीत आहेत. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लहान खासगी इस्पितळ डोळ्यांपुढे येते, तिथे ती दीर्घकाळ किंवा आयुष्यभर शुश्रूषेची गरज असलेल्या वृद्धांची निवासी संस्था असते.) त्यांना ताशी २०.५० डॉलर मिळतात. नर्सिंग होमना माणसे पुरवणाऱ्या एका एजन्सीने ताशी २९ डॉलर देऊ केले आहेत, मात्र त्यात आरोग्य विमा, भरपगारी रजा किंवा निवृत्तीची तरतूद नाही. क्रेडिट कार्डावर ६,८०० डॉलरचे कर्ज २४ टक्क्यांनी साचले आहे. पतीची नोकरी ३४,००० डॉलरची असून तिथे विमा नाही, आणि मुलगा दहावीत आहे. ‘कायमची नोकरी सोडून एजन्सीत जावे का, आणि या वयात एलपीएनचा (लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे परवानाधारक नर्सचा) कोर्स करण्यात अर्थ आहे का?’ असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दहा रहिवाशांना अंघोळ घालून, कपडे बदलून, भरवून, खुर्चीत बसवून घरी आल्यावर पाठ टेकवत नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. परंतु माझ्या दृष्टीने तुमच्या आर्थिक निर्णयातली सर्वांत महत्त्वाची बाब तीच आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी दराचा हिशेब नीट मांडू.

तुम्ही साडेआठ डॉलरच्या फरकाला वर्षाच्या २,०८० तासांनी गुणून १७,६८० डॉलर अधिक मिळतील असे गृहीत धरले आहे. यात पहिली चूक अशी की आजच्या तुमच्या ४२,६४० डॉलरच्या वार्षिक पगारात १५ दिवसांची भरपगारी रजा आणि सहा सुट्ट्या, म्हणजे १६८ तासांचा पगार, काम न करता मिळालेला आहे. एजन्सीत तेवढेच दिवस काम केले तर तास भरतात १,९१२ आणि मिळकत होते ५५,४४८ डॉलर, म्हणजे फरक १२,८०८ डॉलरवर येतो.

दुसरी गोष्ट तुम्ही पाठवलेल्या करारपत्रात आहे. ही एजन्सी तुम्हाला नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानणार आहे, आणि वर्षअखेर डब्ल्यू-२ (नोकरदाराला मिळणारा पगाराचा फॉर्म) ऐवजी कंत्राटदाराचा १०९९ फॉर्म देणार आहे. नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन) ६.२ आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक स्वतः भरतो. कंत्राटदाराला मात्र दोन्ही वाटे, म्हणजे एकूण १५.३ टक्के, स्वतःलाच भरावे लागतात. आज विम्याचा हप्ता करपूर्व वजा होत असल्याने तुमचा हा भरणा सुमारे ३,००० डॉलर आहे. एजन्सीत तो सुमारे ७,८५० होईल. म्हणजे ४,८५० डॉलर इथे गेले. आज कुटुंबाच्या विम्याचे तुम्ही महिन्याला ३१० डॉलर देता. राज्याच्या विमा बाजारात तुम्हाला सरकारी मदत धरून मिळालेला जवळात जवळचा दर ६४० डॉलर आहे. तिथे वर्षाला ३,९६० डॉलर जातील, शिवाय त्या योजनेत स्वतःच्या खिशातून आधी भरायची रक्कम मोठी आहे. निवृत्तीच्या बचतीच्या ४०१(के) खात्यात संस्था भरत असलेले तीन टक्के, म्हणजे सुमारे १,२८० डॉलर, हेही बंद होतील. प्राप्तिकराचा फरक मी मुद्दाम धरलेला नाही, कारण स्वतंत्र व्यावसायिकाच्या वजावटींमुळे केंद्राचा कर थोडा कमी होतो आणि न्यूजर्सीचा वाढतो, त्यामुळे निव्वळ फरक मोठा उरत नाही.

आता उरले काय? सुमारे २,७०० डॉलर. साडेआठ डॉलरची वाढ प्रत्यक्षात ताशी दीड डॉलरच्याही खाली येते. त्यातही एजन्सीची पाळी ऐनवेळी रद्द होऊ शकते, आणि एक पाळी २३२ डॉलरची आहे. महिन्याला एक पाळी रद्द झाली तरी वर्षाचा सगळा फायदा संपतो.

तुमच्या पगारपत्रकातला एक आकडा तुमच्या नजरेतून सुटला आहे. आजच्या नोकरीत तुम्हाला जादा कामाचा दर दीडपट, म्हणजे ३०.७५ डॉलर मिळतो, आणि तो एजन्सीच्या २९ डॉलरपेक्षा जास्त आहे. शिवाय २०२५ ते २०२८ या कर वर्षांसाठी केंद्राच्या कायद्याने जादा कामाच्या मोबदल्यातला वरचा अर्धा भाग, तुमच्या बाबतीत ताशी १०.२५ डॉलर, प्राप्तिकराच्या हिशेबात वजा करण्याची मुभा दिली आहे. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला ती २५,००० डॉलरपर्यंत आहे. कंत्राटदार म्हणून काम करताना जादा कामाचा दर आणि ही वजावट दोन्ही नसतात. म्हणून जादा पैशांची निकड असेल तेव्हा ओळखीच्या इमारतीत, ओळखीच्या रहिवाशांसोबत महिन्याला दोन जादा पाळ्या घ्याव्यात. त्यांचे वर्षाला सुमारे ५,९०० डॉलर होतात. दोनच्या वर मात्र जाऊ नये.

यामागचे कारण तुमची पाठ आहे. अमेरिकेत स्नायू आणि सांध्यांच्या दुखापती सर्वाधिक होणाऱ्या व्यवसायांत नर्सिंग असिस्टंटचे काम मोडते, कारण माणसाला पलंगावरून खुर्चीत नेणे हे रोज अनेकदा करावे लागणारे ओझ्याचे काम आहे. स्वतःच्या इमारतीत कोणता रहिवासी पायांवर भार देऊ शकतो, कोणाला उचलायचे यंत्र, म्हणजे लिफ्टच लागते आणि तिची झोळी कोणत्या कपाटात असते हे तुम्हाला ठाऊक आहे. एजन्सीतून रोज नव्या इमारतीत जाणाऱ्या व्यक्तीला ते पाळीच्या सुरुवातीच्या धावपळीत कोणी सांगतेच असे नाही. नोकरदार असताना कामावर दुखापत झाली तर कामगार भरपाई विमा उपचारांचा खर्च आणि पगाराचा ७० टक्के भाग ठरावीक मर्यादेत देतो, आणि कामाबाहेर आजारी पडलात तर न्यूजर्सीची तात्पुरत्या अपंगत्वाची योजना पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, मर्यादेत राहून, २६ आठवडे हात देते. कंत्राटदाराला हे दोन्ही आधार आपोआप मिळत नाहीत. तुमच्या घरात विमा एकाच व्यक्तीच्या नोकरीवर आहे आणि त्या व्यक्तीची पाठ आधीच दुखते आहे. अशा वेळी २,७०० डॉलरसाठी हे कवच उतरवून ठेवण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही.

येथे हेही सांगितले पाहिजे की पाळी ठरवून देणारी, नर्सच्या देखरेखीखाली काम करून घेणारी एजन्सी सीएनएला ‘कंत्राटदार’ म्हणते, तेव्हा ते बहुधा कायद्याला धरून नसते. न्यूजर्सीची या बाबतीतली कसोटी कडक आहे आणि कंत्राटदार असल्याचे सिद्ध करण्याचा भार काम देणाऱ्यावर असतो. एजन्सीला लेखी विचारावे की डब्ल्यू-२ वर घेता का. ती तयार झाली आणि विमाही देऊ लागली, किंवा तुमच्या यजमानांना कुटुंबाच्या विम्यासह नोकरी मिळाली, तर माझे उत्तर बदलेल आणि हिशेब नव्याने मांडावा लागेल.

आता कर्जाकडे येतो, कारण एजन्सीचा विचार मुळात त्याच्यामुळे आला आहे. ६,८०० डॉलरवर २४ टक्क्यांनी महिन्याला सुमारे १३६ डॉलर नुसते व्याज जाते. त्याच वेळी कोल्हापूरच्या एका सहकारी बँकेत तुमच्या नावे सहा लाख रुपयांची मुदत ठेव ७ टक्क्यांनी पडून आहे. ती वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून तुमच्यासाठी ठेवली असल्याने तिला हात लावायचा नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्या भावनेचा मला आदर आहे; परंतु ७ टक्के मिळवण्यासाठी २४ टक्के भरत राहिल्याने वडिलांची ठेव दरवर्षी प्रत्यक्षात आटत चालली आहे, आणि त्यांनी ती तुमच्या अडचणीच्या वेळेसाठीच ठेवली असणार. शिवाय ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच आहे, त्यामुळे वरचे एक लाख आजही उघड्यावर आहेत.

ठेव मोडून कार्डाचे कर्ज जवळजवळ पूर्ण फेडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे करताना थोडी कागदपत्रे लागतील. परदेशी स्थायिक झाल्यावर भारतातले निवासी खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात बदलून घेणे आवश्यक असते, आणि तुम्ही ते अद्याप केलेले दिसत नाही. आधी ते करावे, मग परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेमार्फत, सनदी लेखापालाच्या मदतीने परदेशी पैसे पाठवण्यासाठी लागणारे आयकर खात्याचे फॉर्म भरून पैसे न्यावेत. या ठेवीचे व्याज अमेरिकेच्या विवरणपत्रातही दाखवावे लागते. भारतातल्या सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार हे वेगळे विवरण भरणेही बंधनकारक आहे. सासूबाईंना दरमहा पाठवता ते २५० डॉलर चालू ठेवावेत. ते कमी करण्याची मला गरज दिसत नाही.

कार्ड फिटले की सध्याचा ३०० डॉलरचा हप्ता मोकळा होईल. सप्टेंबरपर्यंत तो वेगळ्या बचत खात्यात टाकावा, म्हणजे पुढच्या अडीअडचणीला पुन्हा कार्ड काढावे लागणार नाही.

सप्टेंबर म्हणण्याचे कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. एलपीएनचा कोर्स करावा का, याचे माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार नर्सिंग असिस्टंटचे मध्यम वार्षिक वेतन ३९,५०० डॉलरच्या आसपास आहे आणि एलपीएनचे ६२,३४०. तुमच्याच संस्थेत एलपीएनची सुरुवात ३३ डॉलरने होते, म्हणजे वर्षाला २६,००० डॉलरचा फरक, तोही विमा, रजा आणि निवृत्तीची तरतूद शाबूत ठेवून. जबाबदारी वाढेल, औषधांची फेरी आणि नोंदी अंगावर येतील, परंतु उचलण्याचे काम बरेच कमी होईल. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झालात तरी सोशल सिक्युरिटीचे पूर्ण निवृत्तिवेतन मिळण्याचे वय ६७ असल्याने १९ वर्षे हातात राहतात.

तुम्ही कळवलेला संध्याकाळचा कोर्स सप्टेंबर २०२६ ते जून २०२८ असा आहे आणि त्याचे शुल्क १९,५०० डॉलर आहे. बी.कॉम. झालेले असल्याने पेल हे केंद्र सरकारचे शिक्षण अनुदान मिळणार नाही, कारण ते पदवीधरांना, परदेशी पदवी असली तरी, दिले जात नाही. पण तुमची संस्था शिक्षणासाठी दर कॅलेंडर वर्षाला ४,००० डॉलर देते, आणि ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. कोर्स २०२६, २०२७ आणि २०२८ अशा तीन वर्षांना स्पर्श करतो. शुल्काचे हप्ते त्याप्रमाणे पाडून घेतले तर १२,००० डॉलर संस्थेकडून येऊ शकतात. उरलेले ७,५०० महिन्याला सुमारे ३४० डॉलरप्रमाणे भरता येतात, आणि तेवढे मोकळा झालेला हप्ता आणि जादा पाळ्या यांतून निघतात. स्वतः भरलेल्या शुल्काच्या २० टक्के, म्हणजे १,५०० डॉलरपर्यंत, लाइफटाइम लर्निंग क्रेडिट या करसवलतीतून परत मिळू शकतात. खासगी शैक्षणिक कर्ज अजिबात घेऊ नये.

मदतीच्या बदल्यात संस्था दोन वर्षे थांबण्याचे बंधन घालते, ते मात्र बारकाईने वाचावे. मध्येच सोडल्यास पूर्ण रक्कम परत मागतात की काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी करतात, आणि संस्थेनेच कामावरून काढले तर काय, ही दोन उत्तरे लेखी घ्यावीत.

सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी ४० क्रेडिट (नोंदलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. सहा वर्षांत तुमची २४ झाली आहेत. कोल्हापुरातल्या बँकेत केलेल्या नोकरीची वर्षे यात धरली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार नाही. अजून चार वर्षे सलग, नोंदलेली कमाई हवी, आणि ती एलपीएनच्या पगारावर असेल तर पुढचे निवृत्तिवेतनही वाढते.

या कामाचा विचार करणाऱ्या इतर वाचकांसाठी एक माहिती इथेच देतो. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने सीएनएला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण बंधनकारक केले, आणि नर्सिंग होमने आधीच नोकरी दिली असेल तर त्या प्रशिक्षणाचे व परीक्षेचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. स्वतः पैसे भरून कोर्स केला आणि बारा महिन्यांच्या आत अशा संस्थेत नोकरी लागली, तर राज्याने तो खर्च परत करण्याची तरतूद आहे. अनेकजणी हे न कळल्यामुळे तो कार्डावर टाकतात.

ताई, या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात: एजन्सीला डब्ल्यू-२ बद्दल लेखी विचारणे, मनुष्यबळ विभागाकडून शिक्षण मदतीचा करार मागवणे, आणि कोल्हापूरच्या बँकेला एनआरओ खात्यासाठी पत्र पाठवणे. पाठदुखीची नोंद कामावर अधिकृतपणे केलेली नसेल तर तीही लगेच करावी, कारण उशिरा केलेल्या नोंदीवरून भरपाईच्या वेळी वाद होतात. एजन्सीचे लेखी उत्तर आले की ते मला पाठवा. तोपर्यंत राजीनामा देऊ नका.