वाचक विचारतात

प्रश्न : आजोबांनी फ्रेम करून लावलेलं बर्फातल्या घोडागाडीचं चित्र आमच्याकडे आहे. खाली 'करिअर अँड आइव्ह्ज' छापलंय. खरंच जुनं असेल? – एक वाचक, खानापूर

उत्तर : फ्रेममधून काढा आणि भिंग लावा. ओळीनं सारखे ठिपके दिसले, तर ती नंतरची नक्कल. कॅलेंडरांवर अशा ढिगानं निघाल्या. अस्सल चित्र दगडावरून छापलेलं; त्यात खडूसारखा ओबडधोबड दाणा दिसतो, आणि रंग मधूनच रेघेबाहेर सांडलेला असतो. कारण तो हातानं भरलेला! 'करिअर अँड आइव्ह्ज' या न्यूयॉर्कच्या छापखान्यात बायका रांगेत बसून एकेक रंग भरत. (मला निपाणीच्या विड्या वळणाऱ्या आठवतात.) जोडनाव १८५७ पासूनचं, त्याआधी नुसतं 'एन. करिअर'. १९०७ मध्ये कारभार आटोपला. तोवर सात हजारांवर चित्रं: आगी, आगबोटी, शेतघरं, घोड्यांच्या शर्यती. लहान चित्र काही सेंटांत मिळे, म्हणून घरोघरी गेलं.

आमच्या शहापूरच्या माजघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. तिचे रंग मात्र वेगवेगळ्या दगडांवरून छापलेले. आई दर दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसायची, लक्ष्मी तशीच हसायची. तुम्ही तसलं काही करू नका. तुमचं खरं निघालं, तर तो जलरंग आहे, फडक्याबरोबर घोडाही जाईल.