लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात विद्यार्थ्यांना खरंच काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहात. कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र वर्षातून एकदा, ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिनी, एखाद्या गावात शिबिर घेतं, भाषणं होतात, फोटो निघतात आणि विषय संपतो. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसलेल्या विद्यार्थ्याला यापुढे काही करता येतं का, असा तुमचा प्रश्न आहे. येतं. मी विद्यार्थिनी असताना हे काम केलंय, आता तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. अनुभवातलं सांगते.

आमचं पहिलं शिबिरही तसंच होतं. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरलेल्या. पाहुण्यांनी मोफत विधी सहाय्याबद्दलचं घटनेचं कलम ३९-अ सांगितलं, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा सांगितला. मी मुलींच्या वारसाहक्कावर दहा मिनिटं बोलले, हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती पाठ करून आले होते. सगळं आटोपून आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो, तेव्हा पन्नाशीच्या एक बाई जवळ आल्या. कॅरीबॅगेतून त्यांनी वहीचा चार घड्यांचा कागद काढला. वडील वारलेले, भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिलेला, त्यात यांचं नाव नाही. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस चावडीवर लागली होती, ती शेजारच्या पोराने पेनाने उतरवून आणली होती.

मी पुन्हा २००५ पासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, लेकीचा हिस्सा असतो ते मला ठावं हाय. पंधरा दिवसांत हरकत घ्या म्हणत्यात. ते पंधरा दिवस कुठनं मोजायचे, आन् अर्ज कुणाला द्यायचा?"

मला उत्तर येत नव्हतं. हिंदू कायद्याच्या पेपरला मला चांगले मार्क होते, पण तलाठी कार्यालयाची पायरी मी कधी चढले नव्हते.

लोकांना आपले हक्क माहीत नाहीत, असं धरून आपण गावात जातो. पुष्कळदा हक्क पक्का ठाऊक असतो. अडतं ते अर्जापाशी, मुदतीपाशी, आणि साहेबासमोर एकटीने उभं राहण्यापाशी. या तिन्ही ठिकाणी विद्यार्थी उपयोगी पडतो आणि त्याला सनद लागत नाही.

त्या रात्री सरांना फोन करून जमीन महसूल संहितेचं कलम १५० समजून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण एसटीने परत गेलो. हरकतीचा अर्ज दोन प्रतींत लिहिला, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि बाईंचा शाळेचा दाखला जोडला. तलाठी म्हणाले, "ठेवून जा, बघतो." आम्ही पोच मागितली. ते जेवायला गेले, आम्ही बाकावर बसून राहिलो. बाई मधूनमधून म्हणायच्या, जाऊ द्या, उशीर होतोय तुम्हाला. शेवटी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख मिळाली. मुदतीत लेखी हरकत आली की नोंद परस्पर मंजूर करता येत नाही. ती विवादग्रस्त नोंदींच्या वहीत जाते, सुनावणी होते. त्या एका शिक्क्यामुळे बाईंचं म्हणणं दप्तरात आलं. पुढे तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला, पॅनेलवरचे वकील मिळाले. सुनावणीच्या तीन तारखांना आमच्यापैकी कुणीतरी सोबत होतं. नाव लागलं.

त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आले नाहीत, हेही सांगायला हवं. बाई ओवाळणीचं ताट करून संध्याकाळपर्यंत वाट बघत होत्या. हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणींना आपण अडाणी समजतो, पण त्या काय राखायला सही करतात हे मला तेव्हा कळलं. आता कुठल्याही बाईचा अर्ज लिहिण्याआधी मी पेन खाली ठेवून माहेरचं विचारते. ठरवायचं त्यांनी, आपण घाई करायची नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. दहा गावांत शिबिरं घेऊ नका. एकच गाव किंवा एकच वस्ती धरा आणि ठरलेल्या वारी जा. बाजाराचा दिवस सगळ्यात बरा, माणसं आपोआप येतात. कॉलेज नाही म्हणू शकत नाही, कारण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजला विधी सहाय्य केंद्र चालवावंच लागतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं का विचारा. मोफत वकील कुणाला मिळतो, हे स्वतः नीट वाचून जा. अनेकांना वाटतं, फक्त गरिबांना. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, अपंग असेल किंवा कोठडीत असेल तर उत्पन्नाची अटच नाही. १५१०० हा विधी सहाय्याच्या हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ ठेवा.

मूळ कागद कुणाचेही ठेवून घेऊ नका, झेरॉक्स घ्या. "केस जिंकाल" असं कधी म्हणू नका. वकीलपत्र, युक्तिवाद हे आपलं काम नव्हे. आणि एक वही घाला: नाव, काम, कुठल्या कार्यालयात अडलंय, पुढची तारीख, कोण जाणार.

गावात जाणं जमत नसेल तर प्राधिकरणामार्फत परवानगी काढून जिल्हा कारागृहात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत असलेल्यांसाठी, मोठी तरतूद आहे. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायला हवं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यात बसत नाहीत. अटकेची तारीख आणि कलम मांडून दिवस मोजायचे, एवढंच काम आहे, पण ते मोजायला आत कुणी नसतं.

हे सगळं अभ्यासाच्या आड येतं असं कॉलेजात कुणी म्हणालं, तर मला बाबासाहेब आठवतात. ते १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या वेळी चवदार तळ्याचा दावा कोर्टात चालूच होता आणि ते त्यात प्रतिवादी होते. सत्याग्रह १९२७ चा, उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ चा. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं तारखा. लॉ कॉलेजचा प्राचार्य तेव्हा स्वतः त्या दाव्यात उभा होता.

सगळ्यात अवघड भाग मात्र शेवटी येतो. आपण पास होऊन निघून जातो, लोकांची कामं तिथेच राहतात. आमची शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली तेव्हा वहीत तेरा कामं अर्धी होती आणि वही कुणाकडे द्यायची हे आम्ही ठरवलंच नव्हतं. सनद मिळाल्यावर मी त्यातल्या चार जणांना शोधून काढू शकले. तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, म्हणून सांगते: पहिल्याच दिवशी पहिल्या वर्षाच्या दोघांना सोबत न्या आणि वही त्यांच्या हातात द्या.